बंदुकीच्या कायद्याला हरकत: व्हर्जिनियातला माणूस नेमकं काय म्हणत होता?

अमेरिकेत कुठे गोळीबार झाला की भारतातल्या नातेवाइकांचा ठरलेला प्रश्न येतो. "अरे, तुमच्याकडचे लोक एक साधा कायदा का होऊ देत नाहीत?" मी उत्तर व्हर्जिनियात राहतो. इथे मराठी कुटुंबं भरपूर आहेत आणि गणपतीच्या जेवणावळीतही हा विषय निघतो. निघाला की दोन मिनिटांत "वेडे आहेत लेकाचे" यावर संपतो.

प्रश्न रास्त आहे, पण मुळात तो 'एक कायदा' नसतो. पाच-सात वेगवेगळी विधेयकं एकदम येतात, प्रत्येकाचं कलम वेगळं आणि प्रत्येकावरची हरकतही वेगळी. काही हरकती इतक्या नेमक्या असतात की विधेयक मांडणाऱ्यांनाच मसुदा बदलावा लागतो. काही मात्र नुसता गलका असतात. बातमीत दोन्ही एकाच गर्दीच्या फोटोत दिसतात, म्हणून फरक कळत नाही. तो समजून घ्यायला २०२० सालचं व्हर्जिनिया हे चांगलं उदाहरण आहे. हरकती काय होत्या आणि त्यांचं पुढे काय झालं, दोन्ही तिथे स्पष्ट दिसतं.

आधी घटनाक्रम. ३१ मे २०१९ रोजी व्हर्जिनिया बीच शहरात पालिकेच्याच एका अभियंत्याने पालिकेच्या इमारतीत बारा जणांना गोळ्या घालून मारलं. डेमोक्रॅटिक पक्षाचे गव्हर्नर राल्फ नॉर्थम यांनी ९ जुलैला विधिमंडळाचं खास अधिवेशन बोलावलं. तेव्हा बहुमतात असलेल्या रिपब्लिकनांनी ते दीड तासात गुंडाळलं. नोव्हेंबरमध्ये निवडणूक झाली आणि दोन्ही सभागृहं डेमोक्रॅट्सकडे गेली, सिनेट २१ विरुद्ध १९ आणि हाउस ऑफ डेलिगेट्स ५५ विरुद्ध ४५. जानेवारीत अधिवेशन सुरू होण्याआधीच विधेयकांचा गठ्ठा तयार होता. त्यात प्रत्येक विक्रीआधी खरेदीदाराची पूर्वतपासणी होती, महिन्याला एकच पिस्तूल होतं, धोकादायक वाटणाऱ्या माणसाकडून कोर्टाच्या आदेशाने शस्त्र काढून घेण्याची तरतूद होती. शहरांना आपापल्या हद्दीत बंदी घालायचा अधिकार होता. आणि सगळ्यात वादग्रस्त म्हणजे 'असॉल्ट' प्रकारच्या बंदुकांवर बंदी.

सवलत आणि हक्क

हरकतींकडे वळण्याआधी एक गाठ सोडवायला हवी, नाहीतर भारतीय वाचकाला पुढचं सगळं हट्टीपणाचं वाटेल.

आपल्याकडे बंदूक ही सरकारने दिलेली सवलत आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना मागायचा, कारण द्यायचं, पोलिसांचा अहवाल जायचा आणि मग जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त ठरवणार. कोकणात रानडुकरं आणि माकडं पिकाची नासाडी करतात म्हणून पीक संरक्षणाचा परवाना घेऊन ठासणीची बंदूक ठेवणारे शेतकरी आहेत. निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवानाधारकाला पोलीस ठाण्यात बंदूक जमा करायला सांगितलं जातं, तो ती नेऊन देतो आणि निकालानंतर घेऊन येतो. यात कुणाला अपमान वाटत नाही, कारण बंदूक आपली असली तरी परवानगी सरकारची आहे हे गृहीतच धरलेलं आहे. शस्त्रास्त्रं हा विषय केंद्रसूचीत असल्याने महाराष्ट्राने वेगळा शस्त्र कायदा करण्याचा प्रश्नही येत नाही.

हा निर्णय आपण विचार करून घेतला होता, हे मात्र फारसं कुणाला आठवत नाही. १९३१ च्या काँग्रेसच्या कराची ठरावात, नियमांच्या अधीन राहून का होईना, शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकांच्या मूलभूत हक्कांत होता. १९४८ च्या डिसेंबरात घटना समितीत हरि विष्णू कामथ यांनी तो राज्यघटनेत घालायची दुरुस्ती सुचवली. डॉ. आंबेडकरांनी विरोध केला आणि दुरुस्ती पडली.

अमेरिकेने उलट वाट धरली. १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीत शस्त्र बाळगण्याच्या लोकांच्या हक्कावर अतिक्रमण होणार नाही असं लिहिलेलं आहे. त्याच वाक्याच्या सुरुवातीला 'सुव्यवस्थित मिलिशिया'चा उल्लेख आहे, त्यामुळे हा हक्क एकेका माणसाचा की नागरी सैन्याचा, यावर दोनशे वर्षं वाद चालला. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेलर खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की हक्क व्यक्तीचा आहे. २०१० मध्ये तो राज्यांनाही बंधनकारक ठरला. पण हेलरच्याच निकालात न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी हा हक्क अमर्याद नाही असंही लिहून ठेवलं. गुन्हेगारांना बंदी, शाळेत बंदी, विक्रीवर अटी या गोष्टी चालतील. सगळं भांडण या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत होतं.

व्हर्जिनियाची स्वतःचीही राज्यघटना आहे. १७७६ च्या तिच्या हक्कांच्या जाहीरनाम्यात मिलिशियाचं वाक्य होतं, पण 'लोकांचा शस्त्र बाळगण्याचा हक्क' हे शब्द नव्हते. ते १९७१ साली घातले. म्हणजे राजधानी रिचमंडच्या मोर्च्यात जे वाक्य 'आमच्या पूर्वजांचं' म्हणून फलकांवर मिरवलं जातं, त्याचा महत्त्वाचा अर्धा भाग तिथल्या कित्येक मोर्चेकऱ्यांपेक्षा वयाने लहान आहे. तरी तो आज कायदाच आहे.

यातून निघतं ते असं. आपल्याकडे "बंदूक कशाला हवी?" याचं उत्तर नागरिकाने द्यायचं. तिकडे "बंदूक का नको?" याचं उत्तर सरकारने द्यायचं. खालच्या सगळ्या हरकती याच पायावर उभ्या आहेत.

कलमाकलमाने

सगळ्यात मोठी हरकत बंदीच्या व्याख्येवर होती, आणि माझ्या मते ती सगळ्यात दमदारही होती.

'असॉल्ट' बंदूक म्हणजे काय? अनेकांना वाटतं, चाप दाबून धरला की गोळ्यांचा पाऊस पाडणारी. तसली मशीनगन अमेरिकेत १९३४ पासूनच कडक केंद्रीय निर्बंधांखाली आहे आणि १९८६ नंतर बनवलेली सामान्य माणसाला मिळतच नाही. वाद आहे तो अर्धस्वयंचलित बंदुकीचा. एकदा चाप ओढला की एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप नळीत येऊन बसते. अमेरिकेतली बहुतेक आधुनिक पिस्तुलं आणि बऱ्याच शिकारी रायफली अशाच आहेत. मग त्यातली 'असॉल्ट' कोणती हे ठरवायचं कसं? डेलिगेट मार्क लेव्हिन यांच्या एचबी ९६१ या विधेयकाने रायफलीच्या अंगावरच्या खुणा मोजल्या. काढता येणारं मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी असेल, आणि सोबत पिस्तुलासारखी मूठ, दुमडणारा किंवा लांब-आखूड होणारा दस्ता, किंवा सायलेन्सर बसवायला नळीच्या टोकाला आटे, यातलं एक जरी असेल तरी ती बंदीच्या यादीत.

आता दोन रायफली शेजारी ठेवा. एक एआर-१५, काळी, मूठवाली, सिनेमात दिसते तशी. दुसरी रुगर मिनी-१४, लाकडी दस्त्याची, आजोबांच्या कपाटात शोभेल अशी. दोन्हींत तीच .२२३ ची गोळी, दोन्ही अर्धस्वयंचलित, दोन्हींचं मॅगझिन काढता येतं. पहिली बंदीत जाते आणि लाकडी दस्त्याची दुसरी वाचते. हरकत घेणारा विचारतो, तुम्ही बंदी धोक्यावर घालताय की दिसण्यावर? समर्थकांकडे उत्तर होतं. मूठ आणि सोयीचा दस्ता यांमुळे भराभर गोळ्या झाडताना नेम सुटत नाही, म्हणून या खुणा नुसत्या शोभेच्या नाहीत. थोडं तथ्य आहे त्यात. पण ज्या कायद्याखाली माणूस तुरुंगात जाऊ शकतो, त्याची व्याख्या नळीच्या टोकाच्या आट्यांवर टेकलेली असेल तर वकील तिला सोडणार नाहीत.

दुसरा मुद्दा आकड्यांचा होता. एफबीआयच्या २०१९ च्या तक्त्यात खुनासाठी वापरलेल्या बंदुकांत पिस्तुलं ६,३६८ आणि सगळ्या प्रकारच्या रायफली मिळून ३६४ होत्या. सव्वातीन हजारांच्या आसपास खुनांत बंदुकीचा प्रकारच नोंदलेला नाही हे खरं, तरी अंतर मोठं आहे. शिवाय व्हर्जिनिया बीचच्या खुन्याने रायफल वापरलीच नव्हती. त्याच्याकडे रीतसर विकत घेतलेली दोन पिस्तुलं होती. मात्र त्याच्याकडे सायलेन्सर आणि जास्त गोळ्यांची मॅगझिनंही होती, आणि एचबी ९६१ त्यांनाही लागू होतं. हा भाग हरकत घेणारे हळूच गाळायचे.

मॅगझिनची मर्यादा बारा गोळ्यांची ठरली. मला विचाराल तर रायफलीच्या खुणांपेक्षा हे कलम तर्काला धरून आहे. मॅगझिन बदलायला लागणाऱ्या काही सेकंदांत लोक पळतात किंवा मारेकऱ्यावर झडप घालतात. पण इथेही अडचण होतीच. ग्लॉक १७ हे पिस्तूल दुकानातून सतरा गोळ्यांच्या मॅगझिनसकटच मिळतं. पोलिसांकडे असतं तेच, आणि लाखो घरांतही. ते मॅगझिन काल कायदेशीर होतं, मग उद्या जवळ ठेवलं तर गुन्हा कसा?

हीच पुढची हरकत, आणि लोक रस्त्यावर उतरले ते हिच्यामुळे. सिनेटर डिक सासलॉ यांनी नोव्हेंबर २०१९ मध्ये दाखल केलेल्या एसबी १६ मध्ये असॉल्ट बंदूक विकणंच नव्हे, तर जवळ बाळगणं हाच सहाव्या वर्गाचा गंभीर गुन्हा ठरवला होता. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद. असा गुन्हा सिद्ध झाला की व्हर्जिनियात मतदानाचा हक्कही जातो आणि गव्हर्नरने परत दिला तरच मिळतो. आधीपासून बंदूक असलेल्यांचं काय, याचं मसुद्यात एका ओळीचंही उत्तर नव्हतं. नुकसानभरपाई नाही, मुदत नाही, काही नाही. दहा वर्षांपूर्वी पावती घेऊन, तपासणी करून, हजार डॉलर मोजून घेतलेली वस्तू, आणि एका सकाळी तुम्ही गुन्हेगार.

"ते आपल्या बंदुका घ्यायला येणार" ही बंदूकवाल्या संघटनांची नेहमीची आवई. बहुतेक वेळा ती पैसे गोळा करण्यापुरतीच असते. यावेळी सासलॉंनी ती कागदावर खरी करून दाखवली. महिनाभरातच नॉर्थम यांना जाहीर करावं लागलं की आधीपासून असलेल्या बंदुका मालकांना ठेवता येतील, फक्त नोंद करावी लागेल. एसबी १६ जानेवारीत मागेच घेतलं गेलं. पण 'नोंद' हा शब्दही आगीत तेल ओतणारा होता. १९८६ च्या केंद्रीय कायद्याने बंदूकमालकांची राष्ट्रीय नोंदवही करायला मनाई केलेली आहे, आणि ती मनाई याच भीतीतून आली: आज यादी, उद्या जप्ती.

गुन्हा न करताच शस्त्र काढून घेणं

'रेड फ्लॅग' कायद्याची हरकत वेगळ्या जातीची आहे. इथे प्रश्न वस्तूचा नाही, कोर्टाच्या रीतीचा आहे.

कल्पना अशी. एखादा माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला मारण्याच्या बेतात दिसतोय, पण त्याने अजून गुन्हा केलेला नाही. अशा वेळी न्यायाधीशाकडून आदेश मिळवून त्याच्याजवळची शस्त्रं तात्पुरती काढून घ्यायची. कनेक्टिकटने १९९९ मध्ये हे पहिल्यांदा केलं. फ्लोरिडात २०१८ च्या पार्कलंड शाळेतल्या हत्याकांडानंतर रिपब्लिकन गव्हर्नरनेच तशा कायद्यावर सही केली.

हरकत घेणारा म्हणतो, पहिला आदेश माझ्या अपरोक्ष निघतो. मी काय म्हणतो हे ऐकण्याआधी पोलीस दारात. माझ्यावर आरोप नाही, खटला नाही, आणि प्रकरण दिवाणी असल्यामुळे सरकारी खर्चाने वकीलही मिळणार नाही. घटस्फोटाच्या भांडणातली बायको, रागावलेला भाऊ, कुणीही काहीही सांगेल. आणि पहाटे पोलीस शस्त्र मागायला आले तर काय होऊ शकतं, याचं उदाहरण शेजारच्या मेरीलँडमधलं होतं. नोव्हेंबर २०१८ मध्ये अ‍ॅन अरुंडेल काउंटीत (काउंटी म्हणजे तिथला जिल्हा) असाच आदेश बजावायला पहाटे सव्वापाचच्या सुमारास गेलेल्या पोलिसांच्या गोळीने एकसष्ट वर्षांचा माणूस त्याच्याच दारात मेला. दार उघडताना त्याच्या हातात बंदूक होती.

समर्थकांची बाजूही हलकी नव्हती. २०१९ मध्ये अमेरिकेत बंदुकीने सुमारे ३९,७०० माणसं मेली आणि त्यातल्या सुमारे २३,९०० आत्महत्या होत्या. आत्महत्येचा झटका अनेकदा तासा-दोन तासांचा असतो. त्या वेळात हाताशी बंदूक नसेल तर माणूस वाचू शकतो. वर्तमानपत्रातल्या मथळ्यांपेक्षा हा कायदा अशा घरांसाठी जास्त आहे.

आता बघा, हरकतींनी मसुदा कसा वळवला. व्हर्जिनियाच्या २०२० च्या कायद्यात अर्ज करायचा अधिकार नातेवाइकांना दिला नाही, तो फक्त पोलीस आणि सरकारी वकिलांना दिला, आणि तोही स्वतंत्र चौकशी करून. पहिला आदेश जास्तीत जास्त चौदा दिवसांचा. मग दोन्ही बाजू ऐकून न्यायाधीशाला ठोस आणि खात्रीलायक पुरावा वाटला तरच एकशे ऐंशी दिवसांपर्यंत मुदत. आदेश बजावताना आधी माणसाला स्वतःहून शस्त्र द्यायची संधी द्यायची. खोटं सांगून आदेश मिळवला तर तो गुन्हा. हे सगळं 'बंदूक माझा देवदत्त हक्क' अशा घोषणांनी आलेलं नाही. कुणीतरी मसुद्यातल्या ओळीवर बोट ठेवून "इथे माझं म्हणणं कोण ऐकणार?" असं विचारलं, म्हणून आलं.

पूर्वतपासणीच्या विधेयकातही हेच झालं. परवानाधारक दुकानदाराकडून बंदूक घेताना राज्य पोलिसांमार्फत तपासणी आधीपासून होतीच. त्याची फी रहिवाशाला दोन डॉलर. पण गन शोमध्ये, म्हणजे बंदुकांच्या विक्री-प्रदर्शनात, एका टेबलावर दुकानदार आणि शेजारच्या टेबलावर आपली जुनी बंदूक विकणारा खाजगी माणूस असेल, तर दुसऱ्यावर तपासणीचं बंधन नव्हतं. ही पळवाट बुजवायला बहुतेकांची ना नव्हती. मात्र हाउसच्या मसुद्यात विक्रीबरोबर 'हस्तांतर' हा शब्दही होता. मग शिकारीला गेल्यावर मित्राला रायफल वापरायला दिली तर? नवऱ्याच्या मारहाणीतून पळून आलेल्या मैत्रिणीला आठवडाभर पिस्तूल दिलं तर? सिनेटने तो शब्द काढला आणि अंतिम कायदा फक्त विक्रीपुरता राहिला. एका शब्दाने शेकडो शिकाऱ्यांना गुन्हेगार केलं असतं.

'महिन्याला एक पिस्तूल' हा नियम नवा नव्हता. १९९३ मध्ये व्हर्जिनियातून घाऊक खरेदी केलेली पिस्तुलं आय-९५ महामार्गाने न्यूयॉर्कच्या गुन्हेगारांकडे पोचतात म्हणून गव्हर्नर डग वाइल्डर यांनी तो आणला होता. २०१२ मध्ये रद्द झाला. २००७ मध्ये व्हर्जिनिया टेक विद्यापीठात बत्तीस जणांचा बळी गेला तेव्हा तो नियम लागू होता. त्या मृतांत मुंबईहून शिकायला आलेली एक मुलगी आणि मूळचे तमिळनाडूचे एक प्राध्यापक होते, म्हणून ती घटना आपल्याकडेही लक्षात आहे. मारेकऱ्याने महिन्याहून जास्त अंतराने दोन पिस्तुलं घेतली होती. म्हणजे नियम पाळूनच. खरी चूक दुसरीकडे होती. कोर्टाने त्याला मानसोपचाराचा आदेश दिलेला असूनही ती नोंद तपासणीच्या यादीत गेलेली नव्हती. हरकतवाले हे उदाहरण देतात ते योग्यच आहे, पण त्यातून "नियम नकोत" हे निघत नाही. "यादी नीट ठेवा" हे निघतं. २०२० च्या कायद्यात छुपं शस्त्र बाळगायचा परवाना असलेल्यांना या नियमातून सूट मिळाली.

स्थानिक बंदीवर हरकत सोपी होती: एका शहराच्या बागेत चालतं ते पुढच्या शहरात गुन्हा ठरेल, आणि प्रवासात निघालेल्या परवानाधारकाला ते कळणार कसं? चोरीला गेलेल्या बंदुकीची खबर अठ्ठेचाळीस तासांत दिली नाही तर अडीचशे डॉलरपर्यंत दंड, यावर "चोरी माझ्याकडे आणि दंडही मलाच?" अशी कुरकुर होती. दोन्ही कायदे तरीही झाले.

आणि मग ती सार्वकालिक हरकत: "गुन्हेगार कायदा पाळत नाहीत, मग कायदा कशाला?" हा युक्तिवाद मला कधीच पटलेला नाही. असं असेल तर चोरीविरुद्धचा कायदाही रद्द करायला हवा. खरं तर हा वाक्प्रयोग जितका मोठ्याने होतो, तितकी बाकीच्या चांगल्या हरकतींची किंमत कमी होते.

एक हरकत मात्र मोर्च्यांच्या फोटोंत फारशी दिसत नाही आणि ऐकायला हवी. १९५६ च्या जानेवारीत अलाबामातल्या माँटगोमेरीत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बाँब टाकला गेला. त्यानंतर त्यांनी शस्त्र बाळगायचा परवाना मागितला, आणि तो नाकारला गेला. परवाना द्यायचा की नाही हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर असलं की मर्जी कुणाच्या बाजूने झुकते, हे कृष्णवर्णीय बंदूकमालक या उदाहरणाने सांगतात. आपल्याकडे परवाना कुणाला चटकन मिळतो आणि कुणाचा अर्ज वर्षानुवर्षं पडून राहतो, हे ज्याने पाहिलंय त्याला हे वेगळं समजावायला नको.

गांधीजींचं वाक्यही अमेरिकन बंदूकवाल्यांच्या फलकांवर हमखास असतं: संपूर्ण राष्ट्राला निःशस्त्र करणारा कायदा हे ब्रिटिशांचं सर्वांत काळं कृत्य, अशा अर्थाचं. वाक्य त्यांचंच आहे, रोख १८७८ च्या शस्त्र कायद्यावर आहे. फक्त ते १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी काढलेल्या पत्रकातलं आहे. शस्त्र चालवायला शिकायचं तर सैन्यात या, असं ते सांगत होते. घरात रायफल ठेवा असं नव्हे.

हरकत पोचवायची कशी

२०१९ च्या निवडणुकीनंतर काउंटीमागून काउंटी ठराव करू लागल्या: आम्ही 'दुसऱ्या घटनादुरुस्तीचं अभयस्थान' आहोत, घटनाबाह्य कायदे आमच्याकडे राबवणार नाही. शंभराहून जास्त स्थानिक संस्थांनी असे ठराव केले. सभागृहं गच्च भरली, लोक रांगा लावून बोलले. राजकीय दबाव म्हणून हे जबरदस्त होतं, कायद्याने मात्र पोकळ. व्हर्जिनियात काउंटीला राज्याने दिले तेवढेच अधिकार असतात. अ‍ॅटर्नी जनरल मार्क हेरिंग यांनी २० डिसेंबर २०१९ रोजी तसं लेखी मतच दिलं. कलपेपर काउंटीचे शेरीफ, म्हणजे पोलीसप्रमुख, स्कॉट जेनकिन्स तर म्हणाले, वेळ पडली तर हजारो नागरिकांना मी डेप्युटी, म्हणजे माझे सहायक पोलीस, नेमीन. त्यांचं पुढे काय झालं तेही सांगून टाकतो. पैसे घेऊन लोकांना डेप्युटीचे बिल्ले वाटल्याबद्दल २०२४ च्या डिसेंबरात ते लाचखोरीत दोषी ठरले, दहा वर्षांची शिक्षा झाली आणि २०२५ च्या मे महिन्यात राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्यांना माफी दिली.

२० जानेवारी २०२० चा मेळावा सगळ्यांनी टीव्हीवर पाहिला. व्हर्जिनिया सिटिझन्स डिफेन्स लीग ही बंदूकमालकांची संघटना दरवर्षी मार्टिन ल्यूथर किंग दिनाच्या सुट्टीला आमदारांना भेटायला माणसं नेते. त्यावर्षी सुमारे बावीस हजार आले. हिंसाचाराच्या धमक्या होत्या म्हणून गव्हर्नरने आणीबाणी जाहीर करून विधिमंडळाच्या आवारात शस्त्रबंदी केली, आणि मेळाव्याच्या चार दिवस आधी एफबीआयने एका नवनाझी टोळीच्या तिघांना पकडलं. सुमारे सहा हजार लोक तपासणीच्या दारातून निःशस्त्र आत गेले आणि बाकीचे खांद्याला रायफली लावून कुंपणाबाहेर थांबले. गोळी सुटली नाही. अटक एकच झाली, तीही चेहरा झाकल्याबद्दल.

निकाल मात्र त्या गर्दीत लागला नाही. तो लागला समितीच्या खोलीत. व्हर्जिनियाचं विधिमंडळ सम वर्षात अवघे साठ दिवस चालतं आणि विधेयकं मरतात ती समितीत. तिथे नागरिकाला बोलायला मिनिट-दोन मिनिटं मिळतात. एचबी ९६१ हाउसमध्ये ११ फेब्रुवारीला ५१ विरुद्ध ४८ असं जेमतेम पास झालं. तोवर त्यातून नोंदणी गेली होती, आधीच्या मालकांना रायफली ठेवायची मुभा आली होती, पण बारापेक्षा जास्त गोळ्यांचं मॅगझिन जवळ ठेवणं हा गुन्हा होताच. १७ फेब्रुवारीला सिनेटच्या न्याय समितीत चार डेमोक्रॅट रिपब्लिकनांसोबत गेले आणि १० विरुद्ध ५ मतांनी विधेयक पुढच्या वर्षावर ढकललं गेलं. त्या चौघांत क्री डीड्स आणि स्कॉट सुरोव्हेल होते, म्हणजे कुणी बंदूकवाल्यांचे हस्तक नव्हेत. व्याख्या पक्की नाही, हेच त्यांचं मुख्य दुखणं होतं. बाकीच्यांपैकी बहुतेक विधेयकांवर नॉर्थम यांनी १० एप्रिलला सह्या केल्या आणि १ जुलैपासून ते कायदे लागू झाले. त्याच महिन्यात लिंचबर्गच्या न्यायाधीशांनी पूर्वतपासणीचा कायदा अठरा ते वीस वयोगटाच्या पिस्तूल खरेदीपुरता थांबवला. परवानाधारक दुकानदार एकविसाच्या आतल्याला पिस्तूल विकू शकत नाही असं केंद्रीय कायदा सांगतो. खाजगी खरेदीही दुकानदारामार्फतच व्हायला लागल्यावर या मुलांना वाटच उरली नव्हती. मसुदा लिहिताना कुणाच्या लक्षात आलं नाही.

तेव्हापासून हरकतीची भाषाही बदलली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या ब्रुएन निकालाने न्यूयॉर्कचा शतकभर जुना परवाना नियम रद्द केला आणि सांगितलं की असे निर्बंध अमेरिकेच्या ऐतिहासिक परंपरेत बसायला हवेत. त्यामुळे आता वकील अठराव्या शतकातले कायदे चाळतात. २०२४ च्या रहिमी निकालात न्यायालयाने थोडं सावरलं: हुबेहूब जुना कायदा सापडायला हवा असं नाही, तत्त्व जुळलं तरी पुरे. असॉल्ट बंदीच्या बाबतीत हरकतवाल्यांची मोठी निराशा झाली. व्हर्जिनिया ज्या अपील न्यायालयाच्या कक्षेत येतं, त्याने ऑगस्ट २०२४ मध्ये मेरीलँडची तशीच बंदी वैध ठरवली आणि जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते प्रकरण ऐकायला नकार दिला. म्हणजे 'ही बंदी घटनाबाह्य आहे' एवढं म्हणून इथे सध्या भागत नाही. व्याख्या, मुदत, भरपाई, आधीचे मालक यांवरच बोलावं लागतं.

मधली चार वर्षं रिपब्लिकन गव्हर्नर ग्लेन यंगकिन यांनी असली विधेयकं नकाराधिकाराने अडवली. मार्च २०२४ मध्ये एका दिवसात तीस. नोव्हेंबर २०२५ मध्ये डेमोक्रॅट अ‍ॅबिगेल स्पॅनबर्गर गव्हर्नर म्हणून निवडून आल्या आणि हाउसमध्ये त्यांच्या पक्षाला शंभरपैकी चौसष्ट जागा मिळाल्या. लेफ्टनंट गव्हर्नर झाल्या गझाला हाश्मी. जन्म हैदराबादचा, आणि २०१९ मध्ये रिचमंडजवळच्या मतदारसंघातून बंदूक नियंत्रणाचा मुद्दा घेऊनच त्या पहिल्यांदा सिनेटवर निवडून आल्या होत्या. सिनेटमध्ये मतं समसमान पडली तर निर्णायक मत लेफ्टनंट गव्हर्नरचं असतं.